सगळे माझे

अंबा वुहा विद्यापीठात अलेम्ने झेलेके नावाचे दोन इसम होते आणि ही गोष्ट फाटकावरच्या पहारेकऱ्यालासुद्धा ठाऊक होती. एक कृषी महाविद्यालयात मातीचा आंबटपणा शिकवायचा. तो डॉक्टर होता, त्याला टेबल होतं, खिडकी होती. दुसरा चाळीस किलोमीटरवरच्या संशोधन केंद्रावर गव्हावरच्या तांबेरा रोगामागे हात धुऊन लागलेला असायचा, आणि त्याला टेबल आहे की नाही हे कुणी जाऊन पाहिलं नव्हतं. आमच्याकडे आडनाव नसतं. पोराचं नाव, त्यामागे बापाचं नाव, झालं काम. त्यामुळे दोघांचं टपाल, निरोप, परीक्षेची कामं यांची सतत सरमिसळ व्हायची. लोकांनी आपली सोय करून घेतली होती: एक मातीवाला, एक तांबेरावाला. माणसांना यात कधी अडचण आली नाही.

अडचण आली ती डॉक्टर वेर्किनेश यांच्या रागामुळे. या बाई विद्यापीठाच्या संशोधनाच्या प्रमुख. त्या आदिस अबाबाला एका बैठकीला गेल्या होत्या. तिथे पडद्यावर आफ्रिकेतल्या विद्यापीठांची यादी लावली होती आणि आपलं नाव शोधता शोधता बाईंची मान खाली खाली जात राहिली. शेवटून दुसऱ्या पानावर ते सापडलं. परत आल्या त्या फणफणतच. तीनशे मास्तर आहेत, बारा प्रयोगशाळा आहेत, आणि आपण काही शोधतो हे जगात कुणाला माहीतच नाही, असं त्यांनी सभेत सुनावलं. मग हुकूम काढला. लेखांची नोंद ठेवणारी एक वेबसाइट आहे. कुणी काय लिहिलं, आणि ते वाचून जगात कितीजणांनी आपल्या लेखात त्याचं नाव दिलं, हे ती मोजते. प्रत्येकाने तिथे खातं उघडायचं आणि आपला आकडा शुक्रवारी पाचच्या आत कळवायचा.

मातीवाला अलेम्ने शुक्रवारी चार वाजता बसला. वीज डोळे मिचकावत होती. त्याने नाव घातलं, विद्यापीठाचं नाव घातलं. वेबसाइटने वीस लेख समोर मांडले आणि विचारलं, हे तुमचे आहेत का? अकरा त्याचे होते. नऊ तांबेऱ्यावरचे होते. एकेका लेखावर खूण करायची तर दर खुणेला अर्धा मिनिट पान फिरत राहायचं. खाली एकच मोठं बटण होतं: सगळे माझे. दिवा पुन्हा मिचकला आणि त्याने ते दाबलं.

इथपर्यंत त्याला कुणी दोष देऊ नये. वीज भल्याभल्यांना घाई करायला लावते. पण वीज गेली नाही. पडद्यावर आकडा आला: चौदाशे एकोणपन्नास. त्यातले सदतीस आपले आणि बाकीचे त्या शेतातल्या माणसाचे, हे अलेम्नेला त्याच क्षणी कळलं. तो इतका बावळट नव्हता. पाच वाजायला अजून वीस मिनिटं होती. त्या वीस मिनिटांत त्याने एक कप चहा प्यायला आणि आकडा पाठवून दिला. सोमवारी दुरुस्त करू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

सोमवारी डॉक्टर वेर्किनेश स्वतः जिना चढून त्याच्या खोलीत आल्या. आजवर त्यांना ही खोली कुठे आहे हेही माहीत नव्हतं. त्यांनी त्याचे दोन्ही हात हातात घेतले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. दुसऱ्या सगळ्यांचे आकडे पन्नास, ऐंशी, फार तर दोनशे. त्या एका आकड्याने विद्यापीठ यादीत एकसष्ट जागा वर गेलं होतं. पुढच्या आठवड्यात फाटकावर अलेम्नेचा फोटो लागला. प्रोफेसरपदासाठी त्याचं नाव समितीकडे गेलं. महाविद्यालयात चार-पाचजणांना तरी खरं काय ते उमगलं होतं. कॉफीच्या वेळी एकजण डोळा मारून म्हणाला, "काय मातीवाले, हल्ली माती जरा तांबूस दिसतेय." सगळे हसले, अलेम्नेही हसला, आणि मग सगळे मूग गिळून बसले, कारण त्याच आकड्याच्या जोरावर महाविद्यालयाला नवा जनरेटर आला होता.

हे एवढ्यावर राहिलं असतं तरी तो कदाचित कसाबसा मान वर करून जगला असता. पण त्याने ते वडिलांना सांगितलं.

अलेम्नेचे वडील झेलेके विणकर होते. जमिनीत खड्डा करून, त्यात पाय सोडून बसायचं आणि दिवसभर धोटा फेकायचा, असा त्यांचा पन्नास वर्षांचा धंदा. गावातली माणसं त्यांनीच विणलेलं कापड पांघरून चर्चमध्ये जायची, आणि त्यांच्याच घरी मुलगी द्यायची वेळ आली की नाक मुरडायची. शाळेत अलेम्नेला कुणी नावाने हाक मारली नाही. विणकराचं पोर, हेच त्याचं नाव. बाप शाळेच्या कुंपणापर्यंत पोचवायला यायचा आणि तिथूनच मागे फिरायचा, आत यायचा नाही.

मेस्केलच्या सणाला अलेम्ने गावी गेला तेव्हा हा आकडा त्याच्या पोटात मावेना. त्याने सांगून टाकलं. बाहेरच्या देशांत लेखकाचं मागचं नाव लिहितात आणि मागचं नाव तर तुमचं. "माझं नाव कुणीच लिहीत नाही, अबाबा," तो म्हणाला. "जगभर तुमचंच लिहितात. झेलेके, झेलेके."

म्हाताऱ्याने धोटा खाली ठेवला. लोक कशासाठी लिहितात, असं विचारलं. आता हे कसं सांगायचं? अलेम्नेला मागाचीच एक रीत आठवली. एका विणकराचं अर्धं राहिलेलं कापड दुसऱ्याने पुढे विणायला घेतलं, तर जिथे हात बदलला तिथे लाल धागा टाकतात. इथपर्यंत त्याचं, इथून पुढे माझं. घेणाऱ्याला कळावं, आणि ज्याचं त्याला मिळावं. अभ्यासातही तसंच असतं, अलेम्ने म्हणाला. दुसऱ्याच्या कामावरून पुढे विणायचं तर आधी त्याच्या नावाचा लाल धागा टाकायचा.

"म्हणजे चौदाशे माणसांनी माझ्या नावाने लाल धागा टाकला?"

"चौदाशे एकोणपन्नास."

मग झेलेकेंनी ते नाव फेरंजांच्या, म्हणजे गोऱ्या परदेशी लोकांच्या, अक्षरांत कसं दिसतं ते लिहून मागितलं. स्वतःची अक्षरं ते साक्षरतेच्या मोहिमेत, चाळिशीत शिकले होते. ही परकी अक्षरं त्यांना येत नव्हती, पण नक्षी म्हटली की कुठलीही जमायची. ती चिठ्ठी त्यांनी मागासमोर खिळ्याला लावली. सहा खुणा, त्यात फणीसारखी दिसणारी एक तीनदा येते, हे त्यांनी लगेच ओळखलं. महिनाभर खपून त्यांनी एक जाड, चौपदरी गाबी, म्हणजे पांघरायची चादर, विणली, आणि तिच्या काठात निळ्या सुताने आपलं नाव. लिहितात ते सगळे फेरंज काय पांघरतात कुणास ठाऊक, म्हणाले, पण माझा पोरगा हे पांघरेल. गावातल्या एकेकाला त्यांनी कॉफीला बोलावलं आणि तिसरा, म्हणजे शेवटचा, कप झाल्यावर बातमी सांगितली. ज्यांनी कधी त्यांच्या घरचा कप तोंडाला लावला नव्हता तेही आले.

विद्यापीठाने समारंभ ठरवला. अलेम्नेला मानपत्र, मंत्रालयातले पाहुणे, आणि शेवटी वडिलांनी व्यासपीठावर येऊन मुलाच्या खांद्यावर स्वतः विणलेली गाबी घालायची. ही शेवटची कल्पना डॉक्टर वेर्किनेश यांची. त्यांना ती फार आवडली होती.

समारंभाला सहा दिवस उरले असताना तांबेरावाला अलेम्ने खोलीच्या दारात उभा राहिला. वयाने दहा वर्षांनी लहान, उन्हाने रापलेला, बुटांवर शेतातला चिखल, हातात प्लॅस्टिकची फाइल. दाराबाहेर त्याने बूट नीट पुसले आणि मग आत आला. सोबत घरच्या भाजलेल्या जवाची पुरचुंडी आणली होती, ती टेबलावर ठेवली. युरोपातल्या एका विद्यापीठात त्याने पीएचडीसाठी अर्ज केला होता आणि त्यांनी त्याला जवळजवळ घेतलंच होतं. मग त्यांनी वेबसाइट पाहिली. आता त्यांचं पत्र आलं होतं की तुम्ही अर्जात दाखवलेले नऊ लेख तर मातीशास्त्राच्या डॉक्टर अलेम्ने झेलेके यांच्या नावावर आहेत. दुसऱ्याचं काम आपलं म्हणून दाखवण्याला आमच्याकडे काय म्हणतात ते आपणास ठाऊक असेल. वीस तारखेपर्यंत खुलासा करावा.

अलेम्नेने ते पत्र दोनदा वाचलं, कारण मान वर करायची नव्हती.

समोरचा माणूस मात्र हसत होता. त्याच्या मनात कसलं किल्मिष नव्हतं. "यंत्राला काय कळतंय, गाशे," तो थोरल्या भावाला म्हणावं तसं म्हणाला. "चूक आपल्या दोघांच्या आजोबांची. पोराला झेलेके सोडून दुसरं नाव सुचलं नाही त्यांना." वडिलांना जाऊन चार वर्षं झाली, नाही तर त्यांना हे सांगून हसवलं असतं, असंही तो म्हणाला. त्यांच्याच शेतात, त्यांच्याच कणसांवर त्याने पहिल्यांदा तांबेरा पाहिला होता. त्याला फक्त चार ओळी हव्या होत्या: हे नऊ लेख माझे नाहीत, याचे आहेत. खाली सही.

चार ओळी. कागद समोर होता, पेन खिशात होतं. अलेम्ने म्हणाला की वेबसाइटची भानगड आहे, वरच्या ऑफिसातून सोडवावी लागेल, समारंभाची गडबड होऊन जाऊ दे, मग बघतो. वीस तारखेला अजून दहा दिवस आहेत. माणूस किती सहज खोटं बोलू शकतो याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं. त्या बिचाऱ्याने तीनदा वाकून आभार मानले आणि समारंभाच्या शुभेच्छाही दिल्या. तो गेल्यावर अलेम्नेने जवाची पुरचुंडी खणात टाकली आणि खण बंद केला. दिवसभर तो खण त्याने उघडला नाही. पेन्सिली त्याच खणात होत्या, तरी नाही.

झेलेके समारंभाच्या आदल्या दिवशी आले. समारंभाच्या दिवशी सकाळी कॉफी पिता पिता त्यांनी गाबीची घडी मांडीवर घेतली आणि म्हणाले, एक इच्छा आहे. चौदाशेंपैकी एकाचं तरी वाचून दाखव. माझं नाव घेऊन ते काय लिहितात ते मला ऐकायचंय.

अलेम्ने म्हणाला, इंग्रजीत आहे. म्हातारा म्हणाला, तुला येतं ना? आता नाही कसं म्हणणार. आपल्या सदतिसांतला एखादा सापडतो का, म्हणून त्याने लॅपटॉपवर भराभर पाहिलं, पण वर येणारे सगळे दुसऱ्याचे. म्हाताऱ्याची नजर पडद्यावर होती आणि आपली नक्षी त्यांना ओळखता येत होती. "हे बघ, इथे आहे," म्हणून त्यांनी बोटच ठेवलं. अलेम्नेने जिथे बोट होतं ते वाचलं. जिभेला दुसरं काही सुचलंच नाही. झेलेके यांनी दाखवून दिलं आहे की पठारावरच्या गव्हात तांबेरा पावसाच्या तिसऱ्या आठवड्यात धरतो.

"तांबेरा?" झेलेके म्हणाले. "तू तर मातीचं शिकलास ना?"

अलेम्ने पान खाली सरकवायला लागला.

"हे दुसरंच कुणाचं आलं वाटतं. पुढचं वाच."

त्याने पुढचं वाचलं नाही. कपातली कॉफी गार होत होती. बापाने एकदा पडद्याकडे पाहिलं, एकदा मुलाच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पन्नास वर्षं सुतातली गाठ बोटाने शोधलेल्या माणसाला ती गाठ सापडली. दुसरा कुणी झेलेके आहे का, असं त्यांनी विचारलं. आहे, म्हणजे होता, अलेम्ने म्हणाला. चार वर्षांपूर्वी गेला. त्याचा मुलगा? आहे. त्याला ठाऊक आहे? नाही, त्याला वाटतं यंत्र चुकलं. धरणीने पोटात घ्यावं असं अलेम्नेला वाटत होतं, आणि धरणी म्हणजे काय ते त्याच्याइतकं त्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

झेलेके रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "समारंभ किती वाजता?" आणि उठून हात धुतले.

हॉलच्या मागच्या खोलीत अलेम्नेने डॉक्टर वेर्किनेशना गाठलं. अडखळत, पण सगळं सांगितलं. बाईंचा चेहरा उतरला, मग त्यांनी डोळे मिटले, मग उघडले. त्या वाईट नव्हत्या. अकरा महिने त्या एका आकड्याच्या आधारावर त्या दारोदार हिंडल्या होत्या.

"हे बघ," त्या म्हणाल्या, "आकडा तुझ्या नावावर असला काय आणि त्याच्या नावावर असला काय, विद्यापीठाचा तोच राहतो. दोघंही आपलेच. पुढच्या महिन्यात गुपचूप दुरुस्त करू. आज बाहेर मंत्रालयाची माणसं येऊन बसलीत, अलेम्ने. आज माझी लाज राख."

गणिताने त्यांचं बरोबर होतं. एक जण वजा, एक जण अधिक, बेरीज तीच. अलेम्ने त्या गणिताला धरून लोंबकळला आणि व्यासपीठावर गेला.

मानपत्र वाचलं गेलं. त्यात गहू होता, तांबेरा होता, जगभरातल्या शास्त्रज्ञांनी मान्य केलेलं मोलाचं काम होतं, आणि ज्याने ते केलं होतं तो चाळीस किलोमीटरवर शेतात होता. मग डॉक्टर वेर्किनेश यांनी वडिलांचं नाव पुकारलं. सगळा हॉल टाळ्या वाजवत माना उंचावून पाहू लागला. झेलेके पहिल्याच रांगेत होते, गाबीची घडी मांडीवर, दोन्ही हात तिच्यावर. ते उठले नाहीत. एक मुलगी धावत गेली, आधार द्यायला वाकली. "पाय दुखतात," ते म्हणाले. लोकांना वाटलं, केवढा साधा माणूस. टाळ्या आणखी वाढल्या. अलेम्ने व्यासपीठावर मोकळ्या खांद्याने उभा राहिला आणि टाळ्या काही थांबेनात.

जेवणात डॉक्टर वेर्किनेश यांनी इंजेऱ्याचा, म्हणजे आमच्या आंबवलेल्या धिरड्याचा, घास करून त्याच्या तोंडात भरवला, सगळ्यांसमोर, आणि लगेच दुसराही. आमच्याकडे कुणाला भरवलं तर एका घासावर थांबत नाहीत. एकच घास भरवून हात आवरणं म्हणजे तोंडावर भांडण सांगणं. अलेम्नेने दोन्ही घास गिळले. झेलेकेंनी आज उपास आहे म्हणून सांगितलं. तो मंगळवार होता, उपास बुधवारी असतो, आणि हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं.

दुपारी घरी आल्यावर म्हाताऱ्याने सुई मागितली. अंगणात उन्हात स्टुलावर बसून त्यांनी गाबी पसरली आणि काठात, जिथे नाव संपत होतं तिथे, एक लाल धागा घालायला घेतला. डोळे अधू झालेले, सुई दोनदा बोटात गेली. अलेम्ने समोर उभा राहिला. बसावं असं त्याला वाटलं नाही.

"नाव उसवता येणार नाही," झेलेके मान वर न करता म्हणाले. "त्यात विणलेलं आहे. आणि नाव काही खोटं नाही. त्याच्याही बापाचं तेच. उद्या जा आणि त्याला घाल."

"अबाबा, मी—"

"तुझं तू बघ. मला गावातल्या सगळ्यांना परत कॉफीला बोलवायचंय." त्यांनी धागा दातांनी तोडला. "तिसऱ्या कपापर्यंत थांबावं लागेल. आधी सांगितलं तर उठून जातील."

बापाला ते करावं लागेल, घरोघर जाऊन बोलावणं करावं लागेल, आणि ती माणसं येतील, ऐकतील, आणि वाटेने जाताना पुन्हा विणकराची जात म्हणतील. हे डोळ्यांसमोर आलं आणि अलेम्नेला रडू आलं. म्हाताऱ्याने ते पाहिलं आणि गाबीची घडी घातली. समजूत काढली नाही. रात्रीपूर्वीची शेवटची बस पकडून ते गावी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अलेम्नेने नऊ लेख एकेक करून काढले. सगळे माझे नाहीत असं एक बटण असतं तर किती बरं, पण तसं बटण नव्हतं. प्रत्येक लेखाला वेबसाइट विचारायची, नक्की काढायचा? नऊ वेळा तो हो म्हणाला. आकडा सदतिसावर आला. युरोपच्या विद्यापीठाला त्याने पत्र लिहिलं: हे लेख माझे नाहीत, मी ते जाणूनबुजून घेतले, अर्जदाराचा शब्द खरा आहे. तेच पत्र प्रोफेसरपदाच्या समितीला पाठवलं, आणि डॉक्टर वेर्किनेशनाही. मग खणातली जवाची पुरचुंडी घेतली, गाबी घेतली, पत्राची एक प्रत खिशात घातली आणि बसमध्ये बसला.

केंद्रावर पोचला तेव्हा जेवणाची वेळ होती. पत्र्याच्या छपराखाली शेतातली माणसं मोठ्या परातीभोवती बसली होती, आणि मधोमध तांबेरावाला अलेम्ने. याला पाहताच तो धडपडून उठला. एवढा मोठा माणूस, काल ज्याचा सत्कार झाला तो, आपल्याकडे बसने आला. त्याला काय करू नि काय नको असं झालं. इतरांना सरकवून त्याने जागा केली. हेच ते माझे नामभाऊ, असं सगळ्यांना सांगितलं. तोंडातून शब्द फुटायच्या आत अलेम्नेला हात धुवायला पाणी आलं.

बोलणं जमेना म्हणून त्याने आधी गाबी उलगडली आणि त्याच्या खांद्यावर घातली. माझ्या वडिलांनी तुमच्यासाठी पाठवली, एवढंच म्हणाला. त्या माणसाने काठ हातात घेतला, ती अक्षरं वाचली, आणि त्याचा चेहराच बदलला. पुन्हा वाचली.

"हे माझ्या वडिलांचं नाव," तो हळू म्हणाला. "तुमच्या अबाबांनी माझ्या वडिलांना कुठे पाहिलं होतं, गाशे?"

अलेम्नेने बोलायला तोंड उघडलं, आणि त्या भल्या माणसाने भरल्या डोळ्यांनी इंजेऱ्याचा चांगला मोठा घास करून त्याच उघड्या तोंडात भरवला. शेंगोळ्यासारखा गुंडाळलेला, डाळीच्या पिठाच्या तिखट कालवणाने थबथबलेला. नाही म्हणता येत नाही. अलेम्ने चावत राहिला. समोरचा काठावरून बोट फिरवत होता आणि ते बोट लाल धाग्यापाशी थांबलं. "इथे मागावर काही चुकलं वाटतं," तो हसून म्हणाला, आणि दुसऱ्या हाताने दुसरा घास करायला लागला.

अलेम्नेने तो घास तसाच, अर्धा चावलेला, गिळला.

"चुकलेलं नाही," तो म्हणाला. "तो अबाबांनी मुद्दाम घातलाय. यंत्रही चुकलं नव्हतं. त्याने मला विचारलं होतं, हे लेख तुमचे का? मी म्हणालो, सगळे माझे. तुम्ही माझ्याकडे आलात तेव्हाही मला ठाऊक होतं. काल मानपत्र घेतलं तेव्हाही." त्याने पत्र काढून परातीच्या कडेला ठेवलं. "हे युरोपला आज सकाळी पाठवलंय. नऊच्या नऊ तुमचे आहेत."

परातीभोवती कुणी हललं नाही. तांबेरावाल्याच्या हातात दुसरा घास तयार होता. त्याने त्या घासाकडे पाहिलं, मग अलेम्नेच्या तोंडाकडे पाहिलं. अलेम्ने वाट पाहत राहिला. तोंड उघडायची त्याची हिंमत झाली नाही आणि मिटायचीही नाही. त्या माणसाने घास परातीत परत ठेवला, बोटं पुसली, आणि गाबी दोन्ही खांद्यांवर घट्ट ओढून घेतली.

"दोनची बस आहे," तो म्हणाला. "चुकवू नका, डॉक्टर."